शासनासोबत काम करायचे आहे? स्वयंसेवी संस्थांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात जिल्हा परिषद, महापालिका किंवा राज्य शासनाच्या एखाद्या विभागासोबत काम सुरू करू पाहणाऱ्या संस्थांसाठी ही माहिती आहे. काही प्रश्न अधिकाऱ्यांकडूनही येतात, तेही इथेच घेतले आहेत. नियम बदलत राहतात, तेव्हा कागद पुढे सरकवण्याआधी त्या विषयावरचा चालू शासन निर्णय पाहून घ्या.

‘भागीदारी’ म्हणजे नेमके काय? त्यात पैसे मिळतात का?

चार अगदी वेगळ्या गोष्टींना सरसकट भागीदारी म्हटले जाते आणि बरेचसे घोळ तिथूनच सुरू होतात.

पहिली म्हणजे नुसती परवानगी. शाळेत वाचनवर्ग घ्यायचे आहेत, अंगणवाडीत आठवड्यातून एकदा जायचे आहे. खर्च तुमचा, माणसे तुमची, जागा आणि लाभार्थी शासनाचे. दुसरी, विनानिधी सामंजस्य करार. यात दोन्ही बाजू काही कामे अंगावर घेतात, पण पैसे एकमेकांना देत नाहीत. तिसरी, अनुदान: शासनाच्या योजनेसाठी संस्थेला ठरलेल्या बाबींवर निधी मिळतो. आदिवासी विकास विभागाच्या अनुदानित आश्रमशाळा किंवा एड्स नियंत्रण संस्थेमार्फत चालणारे टीआय प्रकल्प (एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या गटांसोबतचे काम) ही याची जुनी उदाहरणे. चौथी, सेवा कंत्राट. इथे तुम्ही निविदा भरता, दर देता, काम केल्यावर देयक सादर करता. कागदावर तुम्ही तेव्हा पुरवठादार असता, मग संस्था कितीही सेवाभावी असो.

अनुदान की कंत्राट हा फरक करांसाठी फार महत्त्वाचा आहे. कंत्राटाच्या देयकातून टीडीएस कापला जातो आणि जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. पंचायत किंवा नगरपालिकेच्या कामांशी निगडित निव्वळ सेवांना जीएसटीतून सूट आहे, पण तुमचे काम त्यात बसते का हे करार होण्याआधी लेखापरीक्षकाकडून लेखी घ्या. दर ठरल्यानंतर अठरा टक्क्यांचा हिशेब निघाला, तर तो संस्थेच्या खिशातून जातो.

सुरुवात कुठल्या प्रकारापासून करावी?

परवानगीपासून. पहिल्याच भेटीत निधी मागणारी संस्था अधिकाऱ्याच्या डोक्यात ‘अनुदानवाली’ म्हणून बसते आणि ती ओळख पुसायला वेळ लागतो. एका तालुक्यातल्या दहा-वीस केंद्रांवर एक वर्ष स्वखर्चाने काम करा, त्याच्या नोंदी नीट ठेवा, मग करार मागा. ज्या संस्थेकडे वर्षभराचाही स्वतःचा पैसा नाही, तिने शासकीय अनुदानाच्या नादी लागूच नये. का, ते पुढे पैशांच्या प्रश्नात येईल.

कोणती कागदपत्रे तयार हवीत?

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे सोसायटी असल्यास १८६० च्या कायद्याचे आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचे, अशी दोन्ही. कंपनी असल्यास कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालचे. घटना किंवा विश्वस्तपत्र. पॅन. आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. निती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा युनिक आयडी, ज्याशिवाय केंद्रीय मंत्रालयांच्या अनुदानाचा अर्ज पुढेच जात नाही. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल. शिवाय हे काम करायचे आणि अमुक व्यक्तीने सही करायची, असा कार्यकारी मंडळाचा ठराव. हा ठराव हमखास विसरला जातो.

कागद तर सगळे आहेत, तरी छाननीत अर्ज का परत येतो?

सर्वात जास्त वेळा कारण एकच निघते: विश्वस्त बदलले, पण धर्मादाय कार्यालयातली नोंद बदलली नाही. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही, किंवा दिला पण वर्षानुवर्षे प्रलंबित आहे, तर परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या अधिकृत नोंदीवर, जुनीच नावे दिसतात. त्यातले एखादे विश्वस्त दिवंगतही असतात. करारावर सही करणारे अध्यक्ष मात्र वेगळे. छाननी करणाऱ्या लिपिकाला ही तफावत दोन मिनिटांत सापडते. बदल अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच, अर्ज क्रमांक आणि निवडीच्या सभेचे इतिवृत्त जोडा आणि पत्रात तसे स्वतःहून लिहा.

दुसरे कारण नावातले फरक. नोंदणीत ‘ग्रामविकास संस्था’, पॅनवर ‘ग्राम विकास संस्था’, बँकेत आणखी तिसरेच. माणसाला हे क्षुल्लक वाटते, पण संगणकीय पडताळणीत नाव जुळत नाही आणि पैसे परत फिरतात. तिसरे कारण, १२एबी आणि ८०जी नोंदणीची उलटलेली मुदत. पूर्वीसारखी ही नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

कोणाला भेटायचे? थेट मंत्रालयात जावे का?

ज्या पातळीवर निर्णयाचा अधिकार आहे, त्याच्या वर जाऊ नये. एका गावाचे काम असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो. एका जिल्ह्यातल्या शाळा असतील तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि त्यांच्यामार्फत मुख्य कार्यकारी अधिकारी. अंगणवाडीसाठी बालकल्याणचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी. दोन-तीन जिल्ह्यांचा विषय असेल तर आयुक्तालय किंवा संचालनालय. मंत्रालय लागते ते धोरण बदलायचे असेल, राज्यभर राबवायचे असेल किंवा राज्याच्या अर्थसंकल्पातून पैसा हवा असेल तेव्हा.

मंत्रालयातून पत्र आणले की जिल्ह्यात दारे उघडतात, ही समजूत निम्मी खरी आहे. दार उघडते, पण आतला माणूस नाराज असतो. वरून लादलेल्या संस्थेला बैठकीत खुर्ची मिळते, शाळांची यादी मात्र मिळत नाही. आधी गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी किंवा बालविकास प्रकल्प अधिकारी यांना भेटा. काम प्रत्यक्षात त्यांच्याच अंगावर पडणार असते. त्यांनी ‘चालेल’ म्हटले तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यासमोर बसताना तुमची बाजू भक्कम असते, कारण तो अधिकारी पहिला फोन त्यांनाच लावतो.

पहिले पत्र कसे लिहावे?

एक पान. जास्तीत जास्त दीड. संस्थेचा इतिहास, पुरस्कार, मान्यवरांसोबतचे फोटो हे सगळे सोबतच्या पुस्तिकेत जाऊ द्या. विषयाच्या ओळीतच काम कळले पाहिजे: ‘अमुक तालुक्यातील २० जि. प. शाळांमध्ये इयत्ता दुसरी ते पाचवीसाठी वाचनवर्ग घेण्यास परवानगी मिळणेबाबत.’ ‘शैक्षणिक गुणवत्ता वाढीसाठी सहकार्य मिळणेबाबत’ असे लिहिलेत तर त्या पत्राचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही आणि ते फाइलला लागते.

विषयाखाली ‘संदर्भ’ असतो. तिथे ज्या शासन निर्णयात किंवा परिपत्रकात अशा कामाला जागा आहे, त्याचा क्रमांक आणि तारीख द्या. शासन निर्णय संकेतस्थळावर मोफत मिळतात; प्रत्येकावर लांबलचक संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे वाचता येतात. हा सांकेतांक दिला की टिपणी लिहिणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. तुमचे काम त्याने सोपे करावे असे वाटत असेल, तर आधी तुम्ही त्याचे सोपे करा.

मजकुरात पाच गोष्टी पुरतात: कुठे, कोणासाठी, किती काळ, कोण काय करणार, आणि ‘या कामाचा जिल्हा परिषदेवर कोणताही आर्थिक भार पडणार नाही’ हे वाक्य, अर्थात ते खरे असेल तर. हे वाक्य नसले की फाइल सावधगिरी म्हणून लेखा विभागाकडे जाते आणि तिथे तिला घाई नसते. सोबत गावांची किंवा शाळांची यादी जोडा, शाळेच्या यू-डायस क्रमांकासह.

पत्र दिले. आता फाइल कुठे अडली हे कसे कळणार?

साधारण प्रवास असा असतो. पत्र आवक-बारनिशीत (आलेल्या पत्रांच्या नोंदवहीत) नोंदले जाते, तिथून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर जाते, ते त्यावर संबंधित विभागाला मार्क करतात. विभागप्रमुख ते कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे, पाठवतात. तिथला लिपिक टिपणी लिहितो आणि मग ती नस्ती (फाइल) एकेका सहीने पुन्हा वर चढू लागते: अधीक्षक, विभागप्रमुख, पैशांचा विषय असेल तर मुख्य लेखा व वित्त अधिकारी (सगळे त्यांना कॅफो म्हणतात), मग अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी.

म्हणून पत्राची पोच घेताना आवक क्रमांक घ्या, ई-ऑफिस असेल तर तिथला क्रमांक घ्या, आणि आठवड्याने ‘साहेब आहेत का?’ न विचारता ‘अमुक क्रमांकाचे पत्र कोणत्या टेबलला आहे?’ असे विचारा. टेबल कळले की त्या कर्मचाऱ्याला काय कमी पडते ते विचारा. बहुतेक वेळा एखादे सहपत्र कमी असते किंवा यादीवर सही राहिलेली असते.

बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यात, कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे आहे. हे माहीत असावे. पण पहिल्याच स्मरणपत्रात कलम दाखवू नका. ज्याच्यासोबत तीन वर्षे काम करायचे आहे त्याच्याशी ओळख अशी होऊ नये.

सामंजस्य करारात काय असायलाच हवे?

बहुतेक करारांत उद्दिष्टांना दोन पाने आणि जबाबदाऱ्यांना दोन ओळी असतात. नेमके उलटे हवे. ‘दोन्ही पक्ष परस्परांना आवश्यक ते सहकार्य करतील’ या वाक्याने आजवर एकही काम झालेले नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘संस्था दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत शाळानिहाय अहवाल केंद्रप्रमुखांना देईल. केंद्रप्रमुख त्यावर १० तारखेपर्यंत शेरा नोंदवतील. दर तिमाहीस शिक्षणाधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली आढावा बैठक होईल व तिचे इतिवृत्त सात दिवसांत दिले जाईल.’ कोण, काय, कोणत्या तारखेला: प्रत्येक कामाला ही तीन उत्तरे मिळाली पाहिजेत.

याखेरीज पुढील बाबी सुटू देऊ नका. कराराची मुदत आणि मुदतवाढ कशी मिळेल. कार्यक्षेत्राची यादी, परिशिष्ट म्हणून. समन्वय अधिकारी कोण, तेही पदनामाने. व्यक्तीचे नाव लिहिले की बदलीनंतर कराराला वाली उरत नाही. गोळा होणारी माहिती कोणाच्या मालकीची, ती कुठे ठेवायची, छापायला कोणाची परवानगी. संस्थेने दिलेले टॅब, पुस्तके, यंत्रे करार संपल्यावर कोणाची. कोणत्या कारणाने आणि किती दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल, आणि नोटीस दिल्यावर मुलांचे वर्ग, रुग्णांचे उपचार मध्येच तुटू नयेत म्हणून कोण काय करील. वाद झाला तर निर्णय कोणाचा.

मुले गुंतलेली असतील तर आणखी एक परिशिष्ट हवे: कार्यकर्त्यांची पोलीस पडताळणी, मुलासोबत एकट्याने न थांबण्याचा नियम आणि पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा) कायदा २०१२ नुसार तक्रार कळवण्याची जबाबदारी. ही जबाबदारी प्रत्येकावर आहे. ‘आम्ही मुख्याध्यापकांना सांगितले होते’ हा बचाव होत नाही.

करार मुद्रांक कागदावर करायचा असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरच्या जागी पाचशेचा लागतो. जुन्या नमुन्यांत अजून शंभरचाच उल्लेख सापडतो.

अधिकाऱ्याची बदली झाली की सगळे शून्यावर येते. उपाय काय?

राज्य सेवेतल्यांचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आणि बदल्या मुख्यतः एप्रिल-मेमध्ये; सनदी अधिकाऱ्यांची बदली तर कधीही होते. तेव्हा बदली हा अपघात नाही, वेळापत्रकाचा भाग आहे. नवे अधिकारी रुजू झाले की पहिल्या पंधरवड्यात दोन पानांची टिपणी घेऊन भेटा: करार कधी झाला, आजवर काय झाले, पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्याकडून कोणते निर्णय हवेत. जुन्या साहेबांचे कौतुक टाळा.

खरा आधार मात्र मधल्या फळीचा. विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, पर्यवेक्षिका, कार्यासनाचे लिपिक ही माणसे त्या मानाने जास्त काळ टिकतात, आणि निदान जिल्ह्यातच असतात. दर तिमाहीच्या इतिवृत्तावर त्यांच्या सह्या असतील तर नवा अधिकारी ‘हे काय आहे?’ म्हणून त्यांनाच विचारतो आणि उत्तर मिळते. फक्त एका साहेबाच्या मर्जीवर उभे राहिलेले काम त्याच्या मागोमाग जाते, आणि पुढचे साहेब त्याची फाइल उघडतीलच याची खात्री नसते.

निधीचा प्रस्ताव कधी द्यावा?

मार्चमध्ये अर्थसंकल्प सादर होतो तेव्हा सगळे ठरून गेलेले असते. विभागांचे अंदाज त्याआधीच्या पावसाळ्यानंतर तयार होऊ लागतात, जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा साधारण हिवाळ्यात पक्का होतो. म्हणजे पुढच्या एप्रिलपासून पैसा हवा असेल तर प्रस्ताव ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टेबलावर पाहिजे. हा आराखडा ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात. तिथे नावीन्यपूर्ण योजना असे शीर्ष असते आणि जिल्ह्यातल्या नव्या प्रयोगांना वाव मिळण्याची शक्यता तिथे सर्वाधिक. ग्रामपंचायतीकडे जायचे तर विकास आराखड्याच्या ग्रामसभेआधी, २ ऑक्टोबरच्या सुमारास.

तरतूद झाली म्हणजे पैसे आले असे नाही. तरतूद, प्रशासकीय मान्यता, बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरण, देयक, कोषागार असा पुढचा रस्ता असतो. निवडणूक आचारसंहिता लागली तर नव्या कामांच्या मान्यता थांबतात, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेला निधी परत जातो. फेब्रुवारीत अचानक फोन येतो, ‘पंधरा दिवसांत खर्च करा.’ असा निधी घेण्याचा मोह होतो. ज्या बाबींची खरेदी आधीच ठरलेली आणि दर मागवलेले आहेत तेवढाच घ्या. घाईतल्या खरेदीची तीन दरपत्रके पुढे लेखापरीक्षणात शंकास्पद दिसतात, आणि तेव्हा फोन करणारे कोणी समोर नसते.

अनुदानाचा हप्ता लांबला तर पगार कुठून द्यायचे?

हप्ता लांबतोच, असे धरूनच अंदाजपत्रक करा. निदान सहा महिन्यांचे पगार भागतील एवढा स्वतःचा निधी बाजूला असावा. त्याहून कमी असेल तर कामाचा आवाका कमी ठेवा. दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून ‘तात्पुरते’ पैसे वळवणे हा सर्वात सोपा आणि सर्वात महागात पडणारा मार्ग आहे. दोन्ही ठिकाणचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला, त्यामुळे खोटे ठरते.

हप्ता लांबण्याचे एक कारण मात्र संस्थेच्याच हातात असते. मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, वेळेत गेले नाही तर पुढचा सुटत नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ नुसार यूसी विहित १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे असते. पण ही शेवटची मुदत. शहाण्या संस्था एप्रिल-मेमध्येच ते देऊन मोकळ्या होतात.

यूसी परत का येते?

मंजूर बाबी आणि खर्चाच्या बाबी जुळत नाहीत म्हणून. मंजुरी ‘प्रशिक्षण’ या बाबीला होती आणि त्यातून लॅपटॉप घेतला, तर काम कितीही चांगले झालेले असो, तो खर्च अमान्य होतो. बाबींमध्ये फेरफार हवा असेल तर खर्चाआधी लेखी मान्यता घ्या. खर्च झाल्यावर मागितलेली मान्यता म्हणजे वरातीमागून घोडे.

आणखी तीन गोष्टी राहून जातात. केंद्रीय अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते शासनाला परत करायचे असते. अनुदानातून घेतलेल्या मालमत्तेची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते आणि ती मालमत्ता परवानगीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. आणि यूसीवरचा आकडा ताळेबंदातल्या आकड्याशी रुपयानिशी जुळला पाहिजे. लेखापरीक्षकाला वर्षाअखेरी गाठण्यापेक्षा दर तिमाहीला बसवा.

शासकीय पैसा घेतला तर माहिती अधिकार आणि कॅगची (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) तपासणी लागू होते का?

शासनाकडून भरीव वित्तपुरवठा होत असेल तर संस्था माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २(एच) खाली सार्वजनिक प्राधिकरण ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. कॅगच्या १९७१ च्या कायद्यातल्या कलम १४ नुसार, वर्षाला अनुदान २५ लाख रुपयांहून कमी नाही आणि ते एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नाही, अशा संस्थेचे हिशेब तपासता येतात. घाबरण्यासारखे काही नाही. फक्त प्रमाणके (खर्चाची व्हाउचर) खोलीत पावसाने भिजणार नाहीत अशी ठेवा.

सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी देणारी कंपनी, शासन आणि संस्था असा तिघांचा करार कसा करावा?

तिघांची घड्याळे वेगळी चालतात हे आधी समजून घ्या. कंपनीला मार्चअखेर खर्च आणि फोटो हवा असतो, शासनाला नियमात बसणारी मान्यता, आणि संस्थेला शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते त्याची काळजी असते. करार जूनआधी झाला नाही तर शैक्षणिक काम एक वर्ष पुढे जाते. कंपनीने ते बहुवार्षिक प्रकल्प म्हणून मंजूर केले असेल तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. ही सोय सुरुवातीलाच मागून घ्यावी, कारण मार्चमध्ये सुचून उपयोग नसतो.

असा निधी घेण्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. सीएसआरमधून वर्गखोली किंवा यंत्र उभे राहिले तर त्याची मालकी कंपनीकडे राहू शकत नाही. ती जिल्हा परिषदेसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे, पात्र संस्थेकडे किंवा लाभार्थींच्या गटाकडे जाते. मग वीजबिल आणि दुरुस्ती कोणाची, हे लिहून घ्या. बंद पडलेले जलशुद्धीकरण यंत्र बहुधा नादुरुस्त नसते, त्याच्या बिलाला मालक नसतो.

परदेशी देणगीचा पैसा असेल तर वेगळी काळजी. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (विदेशी देणगीच्या नियमनाचा कायदा) खालची रक्कम दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वर्ग करता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरी. ‘मोठी संस्था घेईल आणि आम्हा छोट्यांना देईल’ ही जुनी साखळी त्यामुळे तुटली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली.

शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका सहकार्य करत नाहीत. काय करावे?

त्यांचा दिवस एकदा जवळून पाहा. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर भरायचा आहे, वजने घ्यायची आहेत, आहार वाटायचा आहे, गृहभेटी आहेत. तिच्या हातात तुमचे आणखी एक ॲप आणि आणखी एक नोंदवही ठेवली, तर ती वरवर होकार देईल आणि आकडे मनाने भरील. आशांना बरेचसे पैसे कामागणिक मोबदला म्हणून मिळतात. मोबदला नसलेले काम तुम्ही सांगता तेव्हा तिची मजुरी तुम्ही खाता, हे लक्षात असू द्या. शिक्षकांच्या बाबतीत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. सर्वेक्षण त्यांच्याकडून करून घेण्याची कल्पना मुळातच टाका.

एक नियम उपयोगी पडतो: नवे एक काम सांगायचे तर जुने एक कमी करून द्या. तुमचा कार्यकर्ता वजनाच्या दिवशी सेविकेसोबत बसून नोंदी करू लागला, की पुढचे बरेच काही न सांगता होते.

शासनासोबत काम करतानाच शासनावर टीका करता येते का?

येते, पण रीत आधी ठरलेली हवी. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख व नियोजन ही प्रक्रिया राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालीच चालली. पुण्याची ‘साथी’ संस्था त्यात राज्य समन्वयक होती. गावकरी सेवांना हिरवा, पिवळा, लाल शेरा देत आणि जनसुनवाईत अधिकारी लोकांसमोर उत्तर देत. म्हणजे तपासणीचा खर्च शासनाच्याच कार्यक्रमातून आणि तपासणी शासनाचीच. हे जमले कारण तक्रार कोणत्या व्यासपीठावर, कोणत्या नोंदीच्या आधारे मांडायची हे लिखित होते.

उणीव दिसली की आधी संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवा, मुदत द्या, मग वरच्या बैठकीत मांडा. आढावा बैठकीत गोड बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी, असे केले तर बातमी एक दिवस टिकते आणि अविश्वास कराराची उरलेली वर्षे. उलट बाजूही खरी: करार आहे म्हणून बोगस हजेरीपटाकडे काणाडोळा करणारी संस्था गावात पत घालवते.

कोणी पैसे मागितले तर?

देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. एकदा दिलेली ‘चहापाण्याची’ रक्कम हिशेबात कुठे दाखवायची, इथपासून संस्थेची घसरण सुरू होते.

अधिकाऱ्यांचा प्रश्न: चांगली संस्था कशी ओळखावी?

सादरीकरण कमी पाहा, गावात जास्त. संस्थेने आधी काम केलेल्या दोन गावांत तिला न सांगता जा आणि लोकांना कार्यकर्त्याचे नाव विचारा. नाव सांगता आले तर काम झाले आहे. ताळेबंदात पगारांचा खर्च अगदी नगण्य असेल तर सावध व्हा. माणसांशिवाय काम कोण करते हा प्रश्न पडला पाहिजे. सर्वात कमी दर देणाऱ्या संस्थेला समुपदेशन किंवा वस्तीपातळीवरचे काम देणे म्हणजे अपात्र माणसे नेमायला सांगण्यासारखेच आहे. निविदेत गुणवत्तेला वेगळे गुण ठेवा. आणि नेमल्यावर हप्ते वेळेत द्या.

आमचा प्रयोग राज्यभर जावा यासाठी काय लागते?

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेचे घरोघरी नवजात बाळसेवेचे काम हे याचे सर्वात नीट नोंदलेले उदाहरण. ३९ गावांत प्रयोग, तुलनेसाठी ४७ गावे, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष. त्यानंतर २०११ मध्ये आशांमार्फत देशभर कार्यक्रम आला, ज्यात आशा ४२ दिवसांत सहा भेटी देते, घरी बाळंतपण झाले तर सात. मध्ये बारा वर्षे गेली. त्यात शिकण्यासारखे हे की प्रयोग गावातल्याच बाईच्या हातून झाला होता, म्हणून तो शासनाच्या यंत्रणेत बसवता आला.

तुमचा प्रयोग पगारी पदव्युत्तर तज्ज्ञांवर उभा असेल तर तो राज्यभर जाणार नाही. सुरुवातीपासून तीन आकडे ठेवा: एका केंद्रामागे वर्षाचा खर्च, एका कर्मचाऱ्याचे त्यात जाणारे तास, आणि तुम्ही दिलेला आधार काढून घेतल्यावर सहा महिन्यांनी काय उरले. तिसरा आकडा सहसा कोणी मोजत नाही, वित्त विभाग मात्र नेमका तोच विचारतो.

शासनाने काम स्वतःकडे घेतले तर संस्थेने काय करायचे?

असे होते. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, देशभरच्या संस्थांच्या जाळ्याने ती वर्षानुवर्षे चालवली, आणि २०२३ मध्ये ती राज्यांच्या यंत्रणेकडे गेली व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. हस्तांतराची तयारी करारातच असेल तर कार्यकर्त्यांची आणि लाभार्थींची फरपट कमी होते.

शेवटच्या तीन महिन्यांत ही कामे उरकावीत: चालू प्रकरणांची यादी, प्रत्येकापुढे जबाबदारी घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे पदनाम, साहित्याची यादी आणि त्यावर दोघांच्या सह्या, व्यक्तिगत माहिती कोणत्या स्वरूपात दिली आणि संस्थेकडची प्रत कधी नष्ट केली याची नोंद, कर्मचाऱ्यांची देणी, अंतिम यूसी आणि शिल्लक रकमेचा भरणा. यानंतर विभागाकडून ‘संस्थेकडे कोणतीही बाकी नाही’ असे पत्र मागून घ्या. ते मिळेपर्यंत प्रकल्पाचे बँक खाते बंद करू नका.